यांचा लॅपटॉप सुरू होईना

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी लॅपटॉप सुरू झाला नाही. बटण दाबलं की निळा दिवा लागतो, आत पंखा फिरल्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच. परत दाबलं, परत तेच. हे चष्मा लावून खुर्चीत येऊन बसले होते, अभ्यासाच्या तयारीत. म्हटलं, आज मोबाईलवर करू. मोबाईलवर यांना जमत नाही. पॅरालिसिसचा झटका आल्यापासून उजव्या बाजूचं नीट दिसत नाही, त्यात चित्रं एवढीशी. माड दाखवला तर 'पंखा' म्हणाले. मग मोबाईल उलटा करून ठेवला आणि उठले.

दुपारी ब्लाउज कापले. हात चालत होता, लक्ष नव्हतं.

संध्याकाळी शेजारी तुळशीचं लग्न. यांना दारात खुर्ची टाकून दिली. मंगलाष्टकं सगळी म्हटली, एक अक्षर न अडता. गाणं अडत नाही यांचं. बोलणंच अडतं. घरी आल्यावर पाणी हवं होतं तर माझा पदर ओढून माठाकडे बोट.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मृणालचा पुण्याहून फोन. लेकीने एकेक सांगितलं, मी एकेक केलं. चार्जर काढ. खाली दोन खटके आहेत ते सरकव, बॅटरी निघेल. आता बटण दाबून धर, सोडू नकोस. बोट दुखेपर्यंत धरलं. परत सगळं जोडलं. पंखा फिरला. पडदा काळा.

"आई, जुना झालाय गं तो. मी नवीन पाठवते."

म्हटलं, नवीन पाठव, पण यात रविवार आहेत.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या चिपळूणच्या मॅडमनी सांगितल्यापासून दर रविवारी चहा झाला की मी यांना कॅमेऱ्यासमोर बसवते आणि तेच प्रश्न विचारते. नाव काय? हे कोण? आज काय खाल्लं? पहिल्या रविवारी सगळ्याला एकच उत्तर, 'हो'. नाव काय, हो. मृणाल कुठे असते, हो. गणपतीनंतरच्या एका रविवारी 'मृणाल... पुणं' म्हणाले. ज्या दिवशी वाटतं की काही म्हणता काही सुधारत नाहीये, त्या दिवशी मी पहिला रविवार लावते आणि मग शेवटचा.

"दुसरीकडे कॉपी आहे?"

नाही. मोबाईल भरला होता म्हणून तर लॅपटॉपवर घेत होते.

मृ. म्हणाली, दुकानात दाखव.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रिक्षाने राम आळीत. मंगेशचं दुकान. पोरगा बरा आहे, तोंड बघून बोलतो. ठेवून जा म्हणाला.

यांनी आज अभ्यास नाही केला. रोज त्या वेळी येऊन खुर्चीत बसतात, टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघतात, उठतात. दिवसभरात बोलले ते 'नाय' आणि 'गो'. 'गो' म्हणजे मी.

बांगडे घेतले. दोनच खाल्ले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मंगेशचा फोन. "काकू, बोर्ड गेलाय बहुतेक. इतका जुना बोर्ड आता मिळायचा नाही. उगाच आशा लावत नाही तुम्हाला." बरं वाटलं, सरळ सांगितलं म्हणून. रविवारांचं विचारलं. तर म्हणाला, "डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर निघतील. डिस्क जुनी आहे पण. धक्का लागला, पडलाबिडला, तर मग माझ्याही हातात काही नाही. आता दुकान बंद करतोय, लग्नाला जायचंय. सोमवारी सकाळी करू."

सोमवारपर्यंत तिथे कुठे पडणार, म्हणून जाऊन घरी आणला. येताना रिक्षात मांडीवर, तान्ह्या पोरासारखा.

रविवार, ९ नोव्हेंबर

रविवार असून रेकॉर्डिंग नाही.

हे लॅपटॉपपाशी गेले. डाव्या हाताने उघडला, बटण दाबलं, आणि कान लावला. वाकून, गाल टेबलाला टेकवून. बंद केला. परत दाबलं, परत कान. जहाजावर इलेक्ट्रिशियन होते, उभा जन्म इंजिनच्या आवाजात गेला, घरी आले तरी ओरडून बोलायचे. आता तेच कान लावून बसलेत.

मग माझ्या शिलाई मशीनच्या खणाकडे बोट. मला वाटलं तेलाची बाटली. नाय. कात्री. नाय. शेवटी स्वतः येऊन खण उपसला आणि बारका स्क्रूड्रायव्हर काढला, बॉबिन केसचा.

मी काढून घेतला. म्हटलं, उद्या मंगेश डिस्क काढणार आहे, तोवर कुणी हात लावायचा नाही.

"नाय."

"अहो, रविवार आहेत त्यात."

पाठ फिरवून पलंगावर पडले. जेवायला उठवलं तेव्हा उठले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज घडलं ते नीट लिहून ठेवते.

सावंतबाईंचे ब्लाउज द्यायला गेले होते. येऊन मग मंगेशकडे जायचं, म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून टेबलावर तयार. परत आले तर हे पायरीवर बसलेले, लॅपटॉप उलटा करून दोन गुडघ्यांत धरलेला, डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर. एक स्क्रू निघालेला. दुसऱ्याला टोक लागत नव्हतं, लागलं की घसरत होतं. उजवा हात मांडीवर तसाच. सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

गुडघे थरथरत होते. खाली फरशी. सगळे रविवार त्या दोन गुडघ्यांत.

मी म्हटलं, द्या इकडे. त्यांनी दिला नाही. रागावलेही नाहीत. फक्त बघितलं माझ्याकडे.

असं बघताना मी त्यांना आधी पाहिलंय. वस्तरा काढून घेतला तेव्हा. स्कूटरची चावी मृ.ने नेली तेव्हा. स्टुलावर चढून ट्यूब बदलायला निघाले होते, मी ओरडून खाली उतरवलं तेव्हा. सगळं त्यांच्या भल्यासाठीच, पण झटका आल्यापासून आम्ही त्यांच्या हातातून एकेक काढूनच घेत आलोय.

ब्लाउजची पिशवी अजून खांद्यावरच होती. मंगेशचं दुकान उघडं होतं. मला काय झालं माहीत नाही, पिशवी खुंटीला टांगली, आत सतरंजी टाकली, म्हटलं, पायरीवर नको, इथे बसा. पडला तर मऊ तरी पडेल.

मी समोर बसले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि लॅपटॉपही.

आधी माझ्या बांगड्यांवर टकटक. काढायच्या, अशी खूण. काढल्या. मग खिडकीचे गज दाखवले. काय करू? माझा हात धरून गजाला लावला. का ते कळेना, पण लावला. बॅटरी काढलेली आहे ना, ते स्वतः चाचपून बघितलं. मग एकेक स्क्रू. मी काढायचा, ते थाळीत मांडायचे. जिथला स्क्रू तिथे, लॅपटॉपवर होते त्याच आकारात. थाळी हलली तर माझ्या मनगटावर चापट. जहाजावर असते तर ओरडले असते, तिथल्या पोरांना काय काय ऐकावं लागलं असेल.

डिस्कचं झाकण वेगळं आहे, त्याला हात लावला नाही. दुसरं झाकण निघालं. आत दोन हिरव्या पट्ट्या, शेजारी शेजारी. एका पट्टीच्या सोनेरी दातांवर शेवाळासारखा डाग. हे वाकून बघत राहिले. मी विचारलं, आता?

"काढ."

मी काढलीच नाही. बघतच राहिले यांच्याकडे. 'काढ' हा शब्द आमच्या अभ्यासात नाही. आमच्या अभ्यासात माड, होडी, ताट, विहीर, मृणाल.

"काढ," परत म्हणाले, जरा चिडून.

काढली. मग ते दमले, झाकण तसंच ठेवून झोपले. मी थाळीवर दुसरी थाळी झाकून कपाटात ठेवली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मंगेशला कळवलं की आले नाही ते का. वाटलं हसेल. तर म्हणाला, "काका स्वतः बघतायत? मग बघू द्या. त्या पट्ट्या म्हणजे रॅम. मीही काढून बघितल्या, पण घाईत, तशाच परत बसवल्या. पावसाळाभर खारी हवा, दात खराब होतात त्यांचे."

इकडे यांचं सकाळपासून 'खडू, खडू' चाललेलं. मी माझा कापडावर आखायचा खडू दिला. नाय. पांढरा दिला, निळा दिला. नाय. कपाळावर हात मारून घेतला. बोटाने कागदावर घासून दाखवतात आणि म्हणतात खडू. मंगेशला फोनवरच विचारलं. तो म्हणाला, "खोडरबर असणार काकू. दात खोडरबरने पुसायचे, हलक्या हाताने."

यांना म्हटलं, खोडरबर? डोळे मिटून मान हलवली, सुटलो एकदाचे अशी. आम्ही दोघंही हसलो.

कोपऱ्यावरच्या दुकानातून खोडरबर आणलं. दात मी पुसले. काजबटणाचं काम करणारी बोटं, नाजूक काम जमतं. डाग बराचसा गेला.

मृ.ला गजाचं विचारलं. म्हणाली, अंगात वीज असते थोडी, आतल्या नाजूक भागांना ती लागू नये म्हणून लोखंडाला हात लावून घालवतात. मग म्हणाली, बाबांना हे आठवतंय?

आठवतंय सगळं. बाहेर येत नाही एवढंच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काल यांचं अंग दुखत होतं, काही केलं नाही. आज नाश्ता झाल्यावर बसलो.

दोन्ही पट्ट्या बसवल्या. चार्जर लावला. पंखा, दिवा, काळा पडदा. माझा धीर सुटला. यांचा नाही. हात वर करून म्हणाले, "एक." मग थांबले. मला समजलं नाही. त्यांनी दोन्ही पट्ट्यांवर बोट ठेवलं, मान हलवली, मग एकीवर ठेवलं. "एक."

एकच लावली. काळा.

"एक, दोन." आकडा सांगायचा तर यांना एकपासून मोजत यावं लागतं, पण दोनवर बरोबर थांबले. म्हणजे दुसरी लाव. ती काढली, दुसरी लावली. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "थांब." आणि स्वतःच्या डाव्या अंगठ्याने दाबलं.

पंखा. काळा. काळाच. मी थाळीतले स्क्रू बघत बसले, पडद्याकडे बघवेना.

"आला," हे म्हणाले.

मी वर बघितलं तर उजेड.

नुसतं 'आला'. जहाज बंदरात लागल्यावर म्हणावं तसं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला, आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

मृ.ने फोनवर बजावलं, आता बंद करू नकोस, आधी रविवार कॉपी कर. मंगेशकडे जाऊन पेनड्राइव्ह आणला. तो म्हणाला, बोर्ड गेलाय म्हटलं होतं मी, बरं झालं चुकलो. लॅपटॉपची तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली, आतला सेल संपलाय म्हणे. कॉपी होत होती तेव्हा सहज पहिला रविवार लावला. यांनी तो कधी बघितलाच नव्हता, त्यांना वाईट वाटेल म्हणून मी एकटीच बघायचे. पडद्यावर मी विचारतेय, हे कोण? ते म्हणतायत, हो. आज काय खाल्लं? हो.

हे हसायला लागले. आवाज करून, खांदे हलवत. माझ्या हातावर थोपटत हसत होते. मग डोळे पुसले, आणि 'दुसरा लाव' अशी खूण.

सगळे रविवार बघून झाले तेव्हा ऊन ओसरीवरून गेलं होतं. स्वयंपाक नव्हता. पेज आणि लोणचं. पोटभर जेवले.

देवाजवळ दिवा लावताना काही मागायचं सुचलंच नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चिपळूणला मॅडमकडे. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, हे स्टँड येईपर्यंत झोपून.

मी चिठ्ठीवर शब्द लिहून नेले होते. काढ. थांब. आला. मॅडमनी वाचले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून यांच्याकडे बघितलं. "काका, ही सगळी क्रियापदं आहेत." मला म्हणाल्या, "वर्षभर मी यासाठीच धडपडतेय. चित्र दाखवलं की ते वस्तूचं नाव घेतात. पण तुम्हाला तिथे काहीतरी करायला लावायचं होतं, म्हणून हे शब्द आले."

यांना विचारलं, लॅपटॉपचं काय झालं होतं? हे बोलायला गेले. ओठ हलले, हात हलला. नाही आलं. मॅडमनी घाई केली नाही. शेवटी दोन बोटं दाखवली, एक मिटलं.

"समजलं," मॅडम म्हणाल्या.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, एवढ्यावरून फार पुढचं धरू नका. कधी येईल, कधी जाईल. पण घरातली कामं त्यांना सांगू देत. तुम्ही करा, त्यांनी सांगायचं.

खरं तेच सांगितलं. त्याचंही बरं वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग केलं. काही नाही. 'आज काय खाल्लं' ला बराच वेळ गेला, मग 'होडी'. स्वतःलाच कळलं चुकलं ते. मॅडम म्हणाल्या होत्याच.

तरी जतन केलं. आता दोन ठिकाणी.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मृ.चा नवीन लॅपटॉप कुरियरने आला. पातळ, हलका. यांनी उलटा करून बघितला, स्क्रू शोधत असावेत. मॅडमचा व्हिडिओवरचा वर्ग त्यावर केला, चित्र सुरेख दिसतं. वर्ग संपला की हे आपले जुन्यापाशी. तो एका पट्टीवर चालतोय, सावकाश.

संध्याकाळी मंगेश भाट्याला जाता जाता आला. कुठल्याशा भंगार मशीनमधली तशीच पट्टी मिळाली होती. ती माझ्याकडे नाही दिली. यांच्यापुढे धरली. "काका, ही बसेल का बघा."

यांनी पट्टी उजेडात धरली, दात बघितले. मंगेशने विचारलं, "आत्ता लावायची की पुसून?"

आणि तो थांबला. ही गोष्ट मला लिहून ठेवायचीय. लोक थांबत नाहीत. विचारतात आणि माझ्याकडे बघतात, मी उत्तर देते. डॉक्टर, पाहुणे, यांचा सख्खा भाऊसुद्धा. मंगेश माझ्याकडे वळला नाही. पट्टीकडे बघत बसून राहिला, जसा काही त्याला कुठे जायचंच नाही. मीही तोंड मिटून ठेवलं. सोपं नव्हतं.

"पु... पुसून."

"बरोबर," मंगेश म्हणाला, आणि खोडरबर मागितलं.

पट्टी बसली. चालली. चहा घेऊन गेला. त्याचं भलं होवो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

लग्नाच्या ब्लाउजची घाई. मशीन कुरकुरत होतं, मी तशीच रेटत होते. हे मागे येऊन उभे राहिले. मी पाय थांबवला, वळले नाही. थांबायचं ठरवलंय ना.

"तेल घाल."

घातलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी जुना लॅपटॉप परत काळा. दिवा आहे, पंखा आहे, पडदा नाही. हे बटण दाबून बसलेले, मी दारात उभी. रविवार सुरक्षित आहेत, असं स्वतःला सांगितलं.

मी म्हटलं, मंगेशला बोलावू?

यांनी मान हलवली. कान लावला, बराच वेळ. मग झाकण मिटलं, खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे वळले. ओठ जुळवत होते. मी थांबले. बाहेर मासेवाली ओरडत गेली, तरी थांबले.

"चहा," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मग बघू."

चहा झाला. बांगड्या काढून ठेवल्यात. हे सतरंजी अंथरतायत, एका हाताने, वाकडीतिकडी. मी हे लिहून संपवते आणि जाते.